केमच्या माळावर नर तुडतुड्याच्या शोधात

एका किड्यासाठी सोलापूरहून केमला जाणार आहे, असं घरात सांगितलं तेव्हा कुणी हसलंही नाही. माझी सवय झालीय सगळ्यांना.

गेल्या वर्षी कुंकू आणायला केमला गेले होते (गेलात तर थेट कारखान्यातूनच घ्या), तेव्हा गावाबाहेरच्या माळावर तो दिसला. तांदळाच्या कणीएवढा, वाळल्या गवताच्या रंगाचा तुडतुडा, पाठीवर दोन बारीक तपकिरी रेघा. मी शाळेत विज्ञान शिकवते; पिकावरचे तुडतुडे ओळखते. हा त्यातला नव्हता. एका अभ्यासकांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "फोटोवरून जात सांगता येणार नाही. ती नरावरूनच कळते. नर हवा, स्पिरिटमध्ये ठेवलेला."

तेव्हापासून भाजी चिरताना, पेपर तपासताना डोक्यात तेच. दिवाळीची सुट्टी लागली आणि मी पिशवी भरली.

"मी पण येतो की," अप्पा म्हणाले. "घरात बसून काय करू?" शुक्रवार पेठेतलं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून माझ्या वडिलांच्या हातांना चैन नाही. आम्ही लिंगायत. अप्पा तर घरातलं झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात. स्पिरिटचं मी त्यांना आधीच सांगून टाकलं. त्यांनी दुकानातलं भिंग पुसून खिशात टाकलं.

सकाळची पॅसेंजर सोयीची. आरक्षणाची भानगड नाही आणि खिडकी मिळते. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि भरपूर पाणी बरोबर घ्या. माळावर काही मिळत नाही. गाडीत मी अप्पांना कागदावर चित्र काढून दाखवलं: पोटाच्या टोकाला मादीची अंडी घालायची सुरीसारखी नळी, नराच्या तिथं दोन आखूड पट्ट्या. त्यांनी एकदाच पाहिलं. "कळलं," म्हणाले. कुर्डुवाडी गेलं तशी मी दारात जाऊन उभी राहिले. केमच्या स्टेशनवर चहा घेतला, तोही उभ्यानंच.

माळ स्टेशनपासून चालत गाठता येतो. पूर्ण बाह्या आणि बूट हवेतच, कुसळं सलवारीतून आत घुसतात. अप्पा बाभळीखाली बसले. मी मलमलीची जाळी गवतावरून झाडायची, सापडलेला तुडतुडा काचेच्या नळीत घालून त्यांच्याकडे द्यायचा. ते डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून खालून बघणार.

"मादी," ते म्हणायचे आणि नळी उघडायचे. टुणकन उडी.

"मादी."

शेळ्यांमागं आलेली एक बाई थांबली. "काय सांडलं वं?"

"तुडतुडे धरतोय."

"आगं बया! आमच्या भेंडीवर लई हायती. समदी न्या की!"

मी हसले, पण मन लागेना. ऊन डोक्यावर आलं, परतीची गाडी जवळ येत चालली, आणि प्रत्येक वेळी मादीच. भाकरी खायलाही मी बसले नाही. शेवटी एक तुडतुडा सापडला आणि तो अप्पांकडे देईपर्यंत धीर निघेना. अप्पांच्या डोळ्यावरचं भिंग मागून घेतलं आणि स्वतः पाहिलं. दोन आखूड पट्ट्या.

"अप्पा, हा नर आहे."

"दे बघू." त्यांनी पाहिलं. "व्हय."

एवढ्या सहज म्हणाले, की माझ्या लक्षात आलं. "आधीच्यांत पण होते?"

ते गवताकडे बघत राहिले. "असतील दोन-तीन."

"आणि तुम्ही सोडले?"

"कसा तिरका तिरका चालतो बघितलंस का? खेकड्यावानी. मला न्हाय जमलं."

मला रडू येईल असं वाटलं. वर्षभर मी ज्याच्यासाठी तळमळले, ते यांनी उडवून दिलं होतं. "हा मी ठेवणार आहे," मी म्हटलं.

"ब्याड," ते पुटपुटले. अगदी आतून काही बोलायचं असलं की अप्पा कन्नडवर येतात. नको. मग नळी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुझं काम हाय, तू कर. मी तिकडं बघतो." आणि पाठ फिरवून बसले.

मी केलं. तो क्षणभर हलला, मग थांबला. गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. सोलापूर यायच्या आधी अप्पांनी माझ्या ओढणीतली कुसळं एकेक करून काढून दिली. तेवढंच.

काही आठवड्यांनी अभ्यासकांचा फोन आला. जात जुनीच, आधीच नोंदलेली, लॅटिन नाव लांबलचक. त्याच्या नमुन्यांनी म्हणे संग्रहालयाचे खण भरले आहेत. नवं काही नाही. तरी तो माळ आता माझ्यासाठी नुसतं गवत राहिलेला नाही, आणि खरं सांगते, पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. त्याचं वाईटही वाटतं. दोन्ही खरं आहे, आणि त्या दोन्हींत मला अजून स्वस्थ बसता येत नाही.

जेवताना अप्पांना नाव सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही.

"म्हंजे आता परत कुणाला मारायला नको?"

"याच्यासाठी नको," मी म्हटलं.

"याच्यासाठी," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी भाकरी मोडली.