आबांचं आळणी आणि चेक पाहुण्याची वाइन

दोन हजार सालाच्या आसपास रांजणगावच्या आमच्या कारखान्यात एक चेक इंजिनिअर मशीन बसवायला आला होता. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच वाईट, त्यामुळे आमचं छान जमलं. परत जायच्या आधी मी त्याला मांडवगणला घरी जेवायला बोलावलं. तो म्हणाला, एक बाटली जपून ठेवलीय, ती तुमच्याकडेच उघडू. त्यांच्याकडच्या पांढऱ्या द्राक्षांची वाइन, नाव वेल्टलिन. तिच्यासोबत मासा चालतो, उकडलेलं मटण चालतं, बटाटा चालतो. तिखट मात्र नको, तिखटापुढं ही बिचारी मरते.

मी हे आईला सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखा काळ्या मसाल्याचा जाळ रस्सा केला. मसाला घालायच्या आधी हळद-मिठात शिजलेलं थोडं मटण तिनं बाजूला काढलं. याला आम्ही आळणी म्हणतो. ते लहान पोरांचं आणि आजाऱ्यांचं खाणं. आमच्या घरी ते वडिलांसाठी, म्हणजे आबांसाठी असायचं. पाहुण्याला तेच वाढ म्हटल्यावर आई भडकली.

"पाव्हण्याला आळणी? समदं गाव माझ्या तोंडात शेण घालंल."

आबांना अल्सर झाला, तेव्हापासून दौंडच्या डॉक्टरांनी त्यांचं तिखट आणि दारू दोन्ही बंद केलं होतं. एके काळी हा माणूस पंगतीत पैजा लावून ठेचा खायचा. आता पाहुणे आले की "माझं झालंय" म्हणायचे आणि आत चुलीपाशी एकटेच वाटी घेऊन बसायचे. मला त्यांचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं. किती समजावलं, तरी ते चारचौघांत जेवायला बसत नव्हते.

बाटली आम्ही विहिरीत सोडून गार केली होती. पाहुण्यानं रश्श्यात भाकरी बुडवून घास घेतला, वर वाइनचा घोट घेतला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. घोट नुसता पाण्यासारखा लागला, म्हणाला. मी सरळ उठलो आणि आतलं आळणी आणून त्याच्या ताटात वाढलं. आईनं माझ्याकडं असं पाहिलं की विचारू नका. पाहुण्यानं ते खाल्लं, घोट घेतला आणि डोळेच मिटले. घरी त्याची आई असंच करायची, म्हणाला. मग त्यानं विचारलं, हे कुणासाठी केलं होतं? वडिलांसाठी, मी म्हणालो. ते आल्याशिवाय तो पुढचा घास घेईना.

आबा टोपी घालून कुरकुरत बाहेर आले. पाहुण्यानं त्यांच्याही पेल्यात वाइन ओतली. त्यांना चालत नाही, हे मी समजावलं, पण आबांनी पेला काही सोडला नाही. नाकाशी धरून हुंगला.

"मिऱ्याचा वास येतोय की रं," ते म्हणाले.

मग एक घास आळणीचा आणि एक वास पेल्यातला, असं त्यांचं जेवण रंगलं. आबा त्याला ठेच्याच्या पैजा सांगत राहिले आणि मी भाषांतर करून दमलो.

पाहुणा मायदेशी गेला. पुढं एका रविवारी भांडगावहून दाजी आले. आईनं सवयीनं आबांची वाटी चुलीपाशी नेऊन ठेवली.

"तिथं कुणाला ठिवलीस?" आबा ओसरीवरून म्हणाले. "माझं पान भाईर मांड. पाव्हण्यांच्या शेजारी."

आई वाटी घेऊन बाहेर आली आणि तिनं आबांचं पान दाजींच्या शेजारी मांडलं. मला तर इतका आनंद झाला, की माझा रस्सा बाजूला सारून मी आबांच्याच वाटीत भाकरी बुडवली.