'रि'चे शब्द आणि माझी आई

मंडळी, आज डोकं फिरलंय.

मी आपल्या ग्रुपवर रोज सारख्याच अक्षरांनी सुरू होणारे इंग्रजी शब्द अर्थासकट टाकतो. काल 'रि'चे टाकले. रिपेअर म्हणजे दुरुस्त करणं, रिटर्न म्हणजे परत येणं. त्याला वाक्य दिलं, 'आई दवाखान्यातून रिटर्न आली न्हाय.'

आज एमआयडीसीत जेवणाच्या सुट्टीत कळलं, तीच यादी माझ्या कंपनीतल्या दोस्तानं दुसऱ्या ग्रुपवर स्वतःच्या नावानं टाकलीय. आईच्या वाक्यासकट. लोकांनी त्याचं सांत्वन केलंय आणि यानं सगळ्यांना हात जोडलेत!

विचारलं तर म्हणतो, "शब्दच हायेत की. तुझं काय गेलं?"

त्याची आई माळेगावात धडधाकट हाय. माझी गेल्यापासून तीच माझ्या वाटणीच्या दोन भाकरी त्याच्याबरोबर पाठवती.

सांगा, उद्या तिची भाकरी कशी मोडू?