दोन स्क्रूंचा सल्ला

गोव्यात डिचोली भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात दारातल्या टेबलावर बसणारे ते गृहस्थ मूळचे सिंधुदुर्गातले. नेहमी कडक इस्त्रीचा शर्ट घालत आणि पुढच्या पेशंटला नावाने न बोलावता हलकेच मानेने खुणावत.

मी निवृत्त मास्तर. माझी खालची कवळी जेवताना सारखी उचलायची. चारचौघांत जेवणं मी सोडूनच दिलं होतं. डॉक्टरांनी खालचे सगळे दात इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात घातलेल्या स्क्रूंवर, पक्के बसवायचा खर्च सांगितला, तेव्हा पत्नीने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या मोडायला निघालोय, हे मी बोलता बोलता त्या गृहस्थांना सांगून गेलो.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मला कोपऱ्यात नेलं आणि स्वतःची खालची कवळी काढून तळहातावर धरली. त्यांचे गाल आत गेले, शब्द बोबडे झाले.

"मास्तरांनू, माका फक्त दोन स्क्रू घातले आसत. त्यांच्यार कवळी बटनासारखी बसता. वयनीच्यो पाटल्यो मोडू नकात. आधी डॉक्टरांक इचारा, तुमका ह्यां चलात काय."

मी तसाच परत आत गेलो. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "तुम्हांला चालेल."

ते काम माझ्या पेन्शनीत भागलं. आज मी पोयची, म्हणजे आमच्या गोव्याच्या पावाची, कडक कडही चावून खातो.

आभार मानायला गेलो, तर ते कानाशी येऊन म्हणाले, "माझे दात खोटे आसत ता कोणाक सांगू नकात हां."

म्हणून हे सगळं त्यांचं नाव गाळून लिहिलं आहे.