गोलात उभे राहणारे मास्तर

मास्तरांचा डावा हात सारखा गालावर जायचा. गल्लीत कुत्रं भुंकलं की हात गालावर. लग्नाच्या वरातीत फटाका वाजला की हात गालावर. समोरून म्हैस येताना दिसली, तर हात गालावर ठेवूनच ते दुकानाच्या फळीवर चढायचे आणि ती वळणापार होईपर्यंत उतरायचे नाहीत. "माले भ्याव वाटस ना भो," असं सगळ्यांदेखत सांगायचे. आपल्याला तहान लागलीय हे माणूस जितक्या सहज सांगतो, तितक्या सहज.

शिंपी होते, म्हणून मास्तर. नंदुरबारला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं आणि मागच्या बाजूला आमची घरं भिंतीला भिंत लागून. कात्री ठेवताना टोक भिंतीकडे. टाचण्या कधी तोंडात धरायच्या नाहीत, न जाणो, शिंक आली तर. दाढी वाढवलेली, कारण न्हाव्याच्या वस्तऱ्याचं भय. डावा गाल आत बसलेला होता आणि त्या बाजूचे पुढचे दात नव्हते. आम्हा पोरांना वाटायचं, सारखा हात ठेवूनच गाल असा बसला असेल.

आता तुम्ही म्हणाल, असा एखादा भित्रा माणूस प्रत्येक गावात असतो. असतो, मी कुठे नाही म्हणतो? पण आमच्या या भित्र्याच्या एका हातावर रेल्वेची हॉकीची टीम ठरायची, ती कशी ते ऐका.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस. भुसावळला रेल्वेची टीम होती. तिच्यात घेतलं की नोकरी पक्की. नावाला कारखान्यात हजेरी लावायची आणि खरं काम मैदानावर. फॉरवर्ड त्यांना कुठेही मिळत. बॅक मात्र ते आमच्याकडून नेत. बॅक म्हणजे गोलाच्या पुढे उभे राहून समोरून येणारा चेंडू अडवणारे दोघे. फॉरवर्ड कच्चा असला तर गोल होत नाही, एवढंच. बॅक कच्चा असला तर कुणाचं तरी हाड मोडतं. त्याचं स्वतःचं, नाहीतर त्याच्या मागे उभ्या असलेल्या गोलकीपरचं. म्हणून बॅक कधी तयार झाला हे सांगणारा माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे मास्तर. तरुणपणी ते स्वतः भुसावळला गोलात उभे राहत, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यांची परीक्षा साधी होती. कापसाच्या जिनामागच्या मुरमाच्या मैदानावर पोलीस लाइनीतले जवान फॉरवर्ड म्हणून यायचे. पोराला बॅक म्हणून उभं करायचं आणि त्याच्या मागे, गोलात, मास्तर स्वतः उभे राहायचे. पायाला पॅड नाही, हातात स्टिक नाही, धोतराचा काचा मारलेला. मग जवानांनी फटके मारायचे. मास्तर काही बोलत नसत. सगळं मैदान चेंडूकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघायचं. हात गालावर गेला की पोरगा कच्चा. हात खाली राहिला की पोरगा भुसावळला जाणार. म्हातारा पोराचा खेळ बघत नव्हता हो, त्या पोराच्या मागे उभं राहिल्यावर आपल्याला भीती वाटते की नाही, ते बघत होता.

रनाळ्याचा एक पोरगा होता, वाघाचं काळीज. चेंडूवर छाती घालायचा. सगळे म्हणाले, हाच. मास्तरांचा हात पहिल्या फटक्याला गालावर गेला तो तिथेच चिकटला. लोक चिडले. मास्तर म्हणाले, "त्याले भ्याव नही. मंग त्यान्हा वाट्यानं बी मालेच भ्यावं लागस." पोरगा रागाने सुरतेकडच्या कुठल्याशा टीममध्ये गेला. पुढल्या होळीला परत आला तेव्हा त्याचा गुडघा वाकत नव्हता. उलट कोरीटचा एक अबोल, कापूस वेचणाऱ्या घरातला पोरगा. त्याच्या मागे मास्तर हात खाली सोडून असे उभे राहिले, की मध्येच त्यांनी एक जांभई दिली. दुसऱ्याच आठवड्यात पोरगा भुसावळला.

माझं काय? मी खेळायचो बरा. पाय चपळ, नजर चांगली. पण माझ्या मागे मास्तरांचा हात दर वेळी गालावर जायचा. "आजून नही." एकदा दुकानात बसवून त्यांनी हळूच सांगितलं, "तू डोया मिची लेस."

मी नाही म्हटलं. पण ते खरं होतं. समोरच्याची स्टिक वर गेली की नेमक्या फटक्याच्या क्षणी माझे डोळे मिटायचे. चेंडू अडायचा तो अंदाजाने. हे कुणालाच कळलं नव्हतं, आणि ज्यांना कळलं ते पाठीमागे उभे होते. कसं कळलं, देव जाणे. म्हणाले, "तुन्ही मान सांगस."

मग इलाज सुरू झाला. मी दुकानात गेलो की मास्तर मशीन चालवता चालवता एकदम रिकामं रीळ माझ्या तोंडावर फेकायचे. डोळा मिटला की दुसरं रीळ. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या मावशींनाही, या उद्योगात रस आला. त्या चुलीकडून येता येता ओल्या हाताचं पाणी माझ्या डोळ्यांवर उडवायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. एक पावसाळा असा गेला. रिळाला मी डोळे मिटेनासा झालो. चेंडूला मात्र मिटायचे ते मिटायचेच.

त्याच हिवाळ्यात जिनात माझ्या वडिलांचा उजवा हात यंत्रात गेला. कोपरापासून. माणूस वाचला, पण काम गेलं, आणि घरात मोठा मीच. आईने कधी माझ्या खेळाचा विषय काढला नव्हता. त्यात भुसावळहून रेल्वेचा फोरमन आला. त्यांच्या एका बॅकचं घोट्याचं हाड मोडलं होतं आणि रविवारी सामना होता. आमच्या मैदानावर येऊन म्हणाला, मास्तर हो म्हणतील त्याला आजच्या गाडीने नेतो.

आई लगेच मास्तरांच्या दुकानात गेली. भिंत मातीची, मला सगळं ऐकू येत होतं.

"भाऊ, आते घर तुम्हना शब्दवर शे. पोऱ्याले जाऊ द्या."

"वहिनी, त्यान्हं हाड मोडनं तर?"

"घरमा एकना हात गया. आते उपाशी मरानं का?"

त्यावर नुसतं मशीन थांबलं. मला त्या शांततेची जेवढी भीती वाटली, तेवढी कधी चेंडूची वाटली नव्हती.

दुपारी मैदान भरलं. मास्तर गोलात जाऊन उभे राहिले, पण मधोमध नाही, डाव्या खांबाशी. जवानाने पहिला फटका मारला. माझे डोळे मिटले, हे मी शपथेवर सांगतो. चेंडू स्टिकला लागला तो नशिबाने. मी वळून पाहिलं. मास्तरांचा हात खाली होता. दुसरा फटका, तिसरा. हात खालीच. लोकांनी गलका केला, फोरमनने माझ्या पाठीवर थाप मारली. मला एवढंच दिसत होतं, की मास्तरांनी डाव्या हाताने गोलाचा खांब धरलाय आणि बोटं पांढरी पडलीत.

स्टेशनवर ते वळकटी घेऊन हजर. "मी बी येस," म्हणाले. लोक चाट पडले, कारण भुसावळ सोडल्यापासून ते तिकडे फिरकलेच नव्हते. फोरमन पुढच्या डब्यात बसला आणि आम्ही दोघं मागच्या. दोंडाईचा गेलं, अमळनेर गेलं. मास्तरांचे ओठ हलत होते, रामरक्षा म्हणत असावेत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी खोटं बोलनू. तू तयार नही. खांब सोडी देता तर हात गालवरच जाता."

गाडी धावत होती, नाहीतर मी उडी टाकली असती. म्हटलं, पुढच्या स्टेशनवर उतरू, मास्तर. ते म्हणाले, "उतरानं का? मंग मायले काय सांगशी?"

मग त्यांनी गालाची गोष्ट सांगितली. याच भुसावळच्या मैदानावर त्यांच्या पुढे एक बॅक उभा होता. गुणी पोरगा, पण डोळे मिटायचा. एका फटक्याला तो अंदाजाने डावीकडे सरकला आणि चेंडू त्याच्या बाजूने थेट मास्तरांच्या तोंडावर आला. महिनाभर पेज प्यायले. त्यानंतर एवढ्या तेवढ्याने छातीत धडधड. नोकरी सोडून नंदुरबारला आले आणि मशीन घेतलं.

"मंग आते तुम्ही मन्हासंगे कसाले उनात?" मी विचारलं.

"मांगे कोनी तरी पाहिजे ना भो."

भुसावळचं मैदान आमच्यापेक्षा कडक. समोर एका पलटणीची टीम, आणि त्यांचा सेंटर फॉरवर्ड असा, की त्याच्या मनगटापुढे माझी पोटरी काडी वाटावी. मास्तर गोलाच्या जाळीमागे येऊन उभे राहिले. हात गालावर, उघडपणे. आता कुणाला फसवायचं नव्हतं. हाडं मोडल्याचा आवाज कसा येतो, हेच डोक्यात. तो सेंटर फॉरवर्ड चेंडू घेऊन आत शिरला आणि त्याची स्टिक वर गेली. माझ्या पापण्या खाली यायला लागल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "देख."

मोठा नाही, दुकानात बोलायचे तसाच आवाज. माझ्या मनात चमकलं, की मी आता सरकलो तर जाळी फाटून हा चेंडू परत त्याच गालावर बसेल. जाळी काही फाटत नसते, पण भीतीला कुठे एवढी अक्कल? डोळे उघडे राहिले. स्टिकवरून सुटलेला चेंडू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्याची शिवण दिसली, एका बाजूचा उडालेला रंग दिसला. स्टिक आडवी घातली, मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या, आणि चेंडू माझ्या पायाशी पडला. नंतर एक खांद्यावर बसला, एक नडगीवर. दर वेळी मागून "देख" आणि दर वेळी मी पाहिलं. पाहिलं म्हणून भीती कमी झाली असं समजू नका. उलट नीट दिसायला लागल्यावर ती वाढली.

सामना बरोबरीत सुटला आणि रेल्वेने मला घेतलं. परतीच्या गाडीला मास्तरांना बसवायला गेलो. पाय सुजले होते, पण छाती फुगली होती. म्हटलं, "आते तरी सांगा, मास्तर. तयार शे का मी?"

"डोया उघडा व्हतात तुन्हा," म्हणाले. "पन माले आज बी भ्याव वाटनं." दुसऱ्यांदा खोटं बोलायला ते तयार नव्हते.

त्यानंतर मास्तर गोलात कधी उभे राहिले नाहीत. सुट्टीत घरी आलो तेव्हा कळलं. पोरं बोलवायला येत, फोरमनचे निरोप येत. मास्तर म्हणत, "मन्हा हातवर आते इश्वास ठेवू नका." कारण कुणाला सांगितलं नाही. ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. हळूहळू रेल्वेने बॅक दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. मी विषय काढला की मास्तर टेप घेऊन माझ्या खांद्याचं माप घ्यायला लागायचे. सदरा शिवायचा असो नसो.

लढाई ऐन भरात असताना ते गेले. तापाने. मला पोहोचायला उशीर झाला. मावशी ओट्यावर बसल्या होत्या, कपाळ मोकळं. मशीनवर चादर टाकलेली. रडून झालं, शेजारणी उठून गेल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुन्हा सामना राहे ना, त्या दिन ते जेवेत नहीत."

मला काहीच कळेना. मग त्यांनी सांगितलं. सामना कधी आहे ते गाडीचा गार्ड मास्तरांना सांगून ठेवायचा. त्या दिवशी ताट वाढलं की मास्तर सारून द्यायचे आणि पोस्टाच्या रस्त्याकडे तोंड करून उंबऱ्यात बसायचे. तार येईल म्हणून. पोराचं काही झाल्याची तार. तारवाला सायकलवरून नुसता दिसला तरी आत पळायचे. दुसऱ्या दिवशीच्या गाडीचा गार्ड डब्यातूनच ओरडायचा, "पोऱ्या धड शे, मास्तर." तेव्हा कुठे हातपाय धुऊन जेवायला बसायचे. भुसावळला मी इतके सामने खेळलो. त्यांतला एकही त्यांनी भरल्या पोटी काढला नव्हता, आणि मला पत्ता नव्हता.

मावशींनी डोळे पुसले. "पुढला सामना कव्हय शे?" त्यांनी विचारलं. "माले सांगी ठेव. कोनी तरी भ्यावाले पाहिजे."

मी त्यांच्या वाळलेल्या हातांकडे बघत होतो. दोन दिवसांत त्यांच्याही पोटात अन्न नव्हतं. सामना रविवारीच होता.

"मी खेयनं सोडी दिधं, मावशी," मी म्हटलं.

"खरं?"

"खरं."

"बरं व्हयनं बाप," त्या म्हणाल्या, आणि शेजारणीने झाकून ठेवलेली भाकरी त्यांनी जवळ ओढली. मी समोर बसून राहिलो. त्यांनी अर्धी खाल्ली.

रविवारी मी मैदानावर उतरलो. त्या दिवशी माझ्यासाठी कुठेही कुणी भीत नव्हतं, आणि पहिल्या फटक्यापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सगळ्यांच्या वाट्याचं मला एकट्यालाच भ्यावं लागलं.