शेपूट धरणारा स्तामेन

प्लोवदिव शहरात मारित्सा नदीच्या काठाने बाग पसरली आहे आणि बागेच्या कुशीत नौकाशर्यतीचा सरळसोट कालवा. त्या कालव्याच्या टोकाला तराफ्यावर पालथं पडून, शर्यत सुटेपर्यंत नावांच्या शेपट्या, म्हणजे मागची टोकं, एका रेषेत धरून ठेवायची, हे स्तामेनचं काम. इशारा झाला की बोटं उघडायची. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. त्याचा हात म्हणजे तराजूचा काटा, असं सगळा काठ म्हणायचा, आणि ते ऐकून स्तामेनची छाती फुगायची.

आपलंच लेकरू नावेत असलं तर धरणाऱ्याने शेजाऱ्याशी जागा बदलायची, ही तिथली जुनी रीत. त्या वसंतात देशाच्या संघासाठी निवड होती. पहिली येईल तीच जाणार. स्तामेनची लेक झ्लातिना नेमकी त्याच्याच पुढ्यात आली.

"ये इकडे, जागा बदलू," शेजारची नाव धरणारा ल्युबेन म्हणाला.

"माझ्या हाताला रीत लागत नाही."

"बरं बाबा! मग हळूच ढकलून दे. बापाचं काळीज आहे, आम्ही डोळे मिटतो!"

तराफाभर हशा पिकला. तो हशा स्तामेनच्या कानात मुंगीसारखा शिरला. इशारा झाला, बाकीच्यांच्या मुठी सुटल्या. ढकलली म्हणतील या धास्तीने त्याची मूठ निमिषभर मिटलेलीच राहिली. झ्लातिनाने ऊर फुटेस्तोवर वल्ही मारली आणि शेवटी हातभर मागे पडली.

काठाला आली तेव्हा तिचे तळवे सोलले होते. "बाबा, सुटताना मागून ओढ लागली. तुझा हात उशिरा सुटला का रे?"

ल्युबेन ऐकत उभा होता. स्तामेनच्या अगदी ओठांवर 'हो' आलेलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," तो म्हणाला.

झ्लातिनाने नाव धुतली, पुसली, मांडणीवर उलटी ठेवली. पुन्हा ती पाण्यावर उतरली नाही.

आता ती औषधांच्या दुकानात असते. रविवारी बानित्सा, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, भाजून आणते. बापलेक काठावरच्या पॉपलरच्या झाडाखाली सावलीत बसून खातात. ती शेजारणींच्या भानगडी सांगते, त्याच्या गुडघ्यांची चौकशी करते. बसते मात्र कालव्याकडे पाठ करून. ल्युबेन जाऊनही वर्षं झाली. ऐकायला आता कुणी उभं नसतं. स्तामेन दर रविवारी आज सांगायचंच असं मनाशी ठरवून येतो, शेवटच्या घासापर्यंत घसा खाकरत राहतो.

"काही म्हणालास का, बाबा?"

"मीठ बेताचं पडलंय," तो म्हणतो.