केनवडच्या बैलबाजारात बोलका चष्मा

जानेवारीत कुठं जावं, असं कुणी विचारलं की मी वाशीम सांगते. विचारणारा ‘अरे वा’ म्हणतो आणि गोव्याचं तिकीट काढतो. जाऊ देत बापडे, हिवाळ्यात वऱ्हाडात काय काय खायला मिळतं हे त्यांना कुठून कळणार! पण यंदा मी काही खायला निघाले नव्हते. मला माझ्या नामदेवमामांना एक चष्मा द्यायचा होता.

ब्लॉगचे जुने वाचक तो चष्मा ओळखतात. फ्रेमच्या कोपऱ्यात कॅमेरा, दांडीत बारीकसा स्पीकर, फोनला जोडला की समोर काय आहे ते कानात सांगतो. किंमत बऱ्यापैकी लॅपटॉपइतकी. हात मोकळे ठेवून चित्रण करता यावं म्हणून मी तो हौसेनं घेतला होता. मामांना काचबिंदू आहे. नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं धूसर दिसतं, कडेचं सगळं गेलंय, आणि गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मग हा चष्मा माझ्या नाकावर बसून काय उपयोगाचा? शिवाय मामांच्या नजरेतून बैलबाजार दाखवणारा व्हिडिओ मिळाला तर सोन्याहून पिवळं, हेही मनात होतंच. कबूल करते.

पुण्याहून संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं निघालं की सकाळी वाशीम. भाडं हजाराच्या आगंमागं, सुट्ट्यांत मात्र विचारू नका. स्टँडसमोर गरम आलुबोंडा आणि वर तर्री मागा, प्लेट हातात येईपर्यंत थंडी पळते. तिथून रिसोडकडं जाणारी एसटी पकडली की वाटेत रिठद, मामांचं गाव. रस्ता आता चांगला झालाय. दोन्ही बाजूंना वाळत चाललेली तूर आणि मधेमधे हरभऱ्याची हिरवी वावरं. खिडकीची जागा मिळवा, डावी-उजवी कुठलीही चालेल.

‘‘आली काय वं? किती वाळली!’’ मामीनं दारातच स्वागत केलं. वऱ्हाडात पाहुणी कितीही जाड झाली तरी वाळलेलीच असते.

जेवायला सोल्यांची, म्हणजे हिरव्या तुरीच्या कोवळ्या दाण्यांची आमटी, ज्वारीची भाकर आणि ठेचा. हॉटेलात ही आमटी मिळत नाही, त्यामुळं एखादं ओळखीचं घर गाठा आणि लाज सोडा.

संध्याकाळी मी मामांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. मराठी त्याला अजून नीट येत नाही, म्हणून हिंदी लावली. मामांनी चुलीकडं तोंड केलं. एक महिला चूल्हे के पास बैठी है, मुस्कुरा रही है, असं तो म्हणाला.

‘‘मुस्कुरा राह्यली?’’ मामा मामीकडं वळले. ‘‘बाप्पा! लगन झाल्यापासून पैल्यांदाच!’’

‘‘हासतच आली मी आजवर,’’ मामी म्हणाली. ‘‘तुमाले आता दिसलं.’’

आम्ही सगळेच हसलो. मग मामा घरभर फिरले. खुंटीवरचा सदरा, दारातली शेळी, शेजारचे शेषराव आले ते, सगळं विचारून घेतलं. मामांना इतकं खुशीत मी फार दिवसांनी पाहत होते. दुसऱ्या दिवशी केनवडचा बाजार होता आणि चष्मा घालूनच जायचं, असं तिथल्या तिथं ठरलं.

मामा बैलबाजारातले दलाल. बैलांचा भाव तिथं तोंडानं बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकतो, त्याखाली मालक त्याची बोटं दाबून आपला आकडा सांगतो, मग तसंच गिऱ्हाईक. शेजारी उभ्या असलेल्यालाही काही कळत नाही. मामांच्या बाजारात आणखी एक रीत आहे, ती त्यांनी जेवताना सांगितली. हात दुपट्ट्याखाली असला की दलालानं मान दुसरीकडं फिरवायची.

‘‘काहून?’’ मीही वऱ्हाडीवर आले.

‘‘मानसाची गरज तोंडावर दिसते पोरी. मालकाची दिसली त गिऱ्हाइकाले सांगावं वाटते, गिऱ्हाइकाची दिसली त मालकाले. म्हून पाहाचंच नाई.’’

नजर अधू झाली म्हणून मामांचं काम कमी झालं नव्हतं, उलट वाढलं होतं. नामदेवभाऊला दिसतच नाही, मग तो कुणाचं तोंड वाचणार, असा लोकांचा हिशेब. आठवड्यातून हा एक दिवस होता, जेव्हा मामा कुणावर अवलंबून नसत आणि लोक त्यांना शोधत येत. हे सगळं मी ऐकलं, आणि वर शहाणपणानं म्हणाले, ‘‘पण मामा, दिसलं तर बरंच की!’’

सकाळी शेषरावांच्या मालवाहू टेम्पोत पुढं तिघं दाटीवाटीनं बसून केनवडला पोचलो. बाजार बघायचा तर सकाळी लवकर या, उन्हं चढली की चांगल्या जोड्या विकल्या गेलेल्या असतात. पाण्याची बाटली जवळ ठेवा. बैलांकडं बायका फारशा फिरकत नाहीत, त्यामुळं लोक माझ्याकडं बघत होते. चष्मा माझ्या फोनला जोडलेला, म्हणून मला मामांच्या मागंमागंच राहावं लागत होतं. चित्रण चालू होतं आणि चष्मा मामांच्या कानात सांगेल ते माझ्या फोनवर अक्षरांत उमटत होतं.

पहिलीच जोडी आली. पांढरीशुभ्र, शिंगं रंगवलेली. मालक पन्नाशीचा, अबोल. गिऱ्हाईक मामांच्या दुसऱ्या बाजूला उभा. मामांनी दुपट्टा टाकला, मालकाचा हात घेतला आणि सवयीनं मान फिरवली. माझ्या फोनच्या पडद्यावर नुसतं आभाळ दिसायला लागलं.

‘‘मामा, समोर बघा ना,’’ मी मागून कुजबुजले. ‘‘नाहीतर चष्म्याला काही दिसत नाही.’’

भाचीचं मन मोडायचं नाही, म्हणून मामांनी मान वळवली. फोनवर अक्षरं आली. सामने एक आदमी है, बैल की पीठ पर हाथ रखे हुए, बहुत उदास लग रहा है.

मला वाटतं, त्या क्षणी मामा दलाल राहिले नाहीत. कैक वर्षांत बाजारात त्यांना समोरच्याचं तोंड पहिल्यांदा कळलं होतं. ते कळवळून म्हणाले, ‘‘काहून उदास होतं रे बापू? आज जोडी इकल्या जाईन. फिकर नोको करू.’’

गिऱ्हाइकानं ऐकलं. त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला आणि बैलांना आणखी एकदा निवांत न्याहाळलं. ‘‘घाई नाई आपल्याले,’’ तो म्हणाला. ‘‘सांजीले पाहू.’’

मालकानं दुपट्ट्याखालून हात काढला. ओरडला नाही. ‘‘नामदेवभाऊ,’’ तो म्हणाला, ‘‘तुमी त तोंड पाहून राह्यले.’’ आणि जोडी घेऊन दुसऱ्या दलालाकडं निघून गेला.

मी त्याच्या मागं धावले. मामांनी नाही पाहिलं हो, चष्म्यानं सांगितलं त्यांना, असं समजावू लागले.

‘‘ताई,’’ तो थांबून म्हणाला, ‘‘मंग तो आनखी कोनाकोनाले सांगते?’’

माझ्या हातात फोन होता, त्यावर त्याच्याच जोडीचं चित्र चालू होतं.

बाजारात बातमी पसरायला वेळ लागत नाही. मामा त्यांच्या ठरलेल्या लिंबाखाली उभे राहिले. लोक ‘राम राम भाऊ’ म्हणत होते आणि पुढं जात होते, पण हात कुणी दिला नाही. मामांनी चष्मा केव्हाच काढून खिशात ठेवला होता. दुपारनंतर ती पांढरी जोडी त्याच गिऱ्हाइकानं दुसऱ्या दलालामार्फत घेतली. सौदा झाला की दोघांनी मिळून चहा प्यायचा असतो. मालक चहाला थांबला नाही.

मी मामांसाठी भजी आणली. त्यांनी खाल्ली, चव चांगली आहे म्हणाले. मला रडू आवरेना, तेव्हा तेच मला समजवायला लागले. ‘‘तुही काय चूक? तोंड माहं होतं. मीच आवराले पायजे होतं.’’

तिसऱ्या दिवशी निघताना मी चष्मा परत नेते म्हणाले. मामा ऐकेनात. ‘‘राहू दे. घरात कामी येईन.’’ मग सोबत आणलेला माझा जुना फोन त्याला जोडून दिला आणि मामीला चार्जिंग शिकवलं.

पुण्यात येऊन महिना झाला. तो व्हिडिओ मी पुसून टाकला, म्हणून या पोस्टमध्ये बाजाराचं काहीच दिसणार नाही. तुम्ही केनवडला जरूर जा. फोन खिशात ठेवा, दुपट्टा पडलेला दिसला तर चार पावलं लांब उभे राहा, आणि कुणाला समोर बघायला सांगू नका. मी सांगितलं, त्याचं वाईट वाटणं काही जात नाही.

दर रविवारी मी मामांना व्हिडिओ कॉल करते. प्रत्येक वेळी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर असतो. ‘‘लय कामाचा आहे वं,’’ ते म्हणतात, ‘‘सारं सांगते मले.’’ मीही खूश होत होते. मागच्या रविवारी बोलणं संपल्यावर मामी फोन घेऊन अंगणात आली. बाजाराच्या दिवशी मामा अजूनही दुपट्टा घेऊन केनवडला जातात, लिंबाखाली उभे राहतात आणि तसेच परत येतात, असं तिनं सांगितलं.

‘‘आन चष्मा?’’ मी विचारलं.

‘‘त्याले चार्जिंगच नाई लावू देत ते. बंदच आहे, तू गेली तवापासून. तुहा फोन वाजला का तेवढ्यापुरता घालतात.’’