सरळ केलेला शाफ्ट

रफिकभाईंचं सस्पेन्शन लेटर टाइप होऊन टेबलावर आलं होतं. फक्त माझी सही बाकी होती.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेटॅलर्जिस्ट आहे. आई शेजारणींना सांगते, 'लोखंडाची डॉक्टर'. आम्ही पंपांचे शाफ्ट, म्हणजे पोलादी दांडे बनवतो. ग्राहकाकडे ते एकामागून एक तडकत होते, आणि आमची भट्टी बावीस वर्षं सांभाळणारे मालेगावचे रफिकभाई आयतेच सापडले होते.

"भट्टी नीट चालवली नाही, दुसरं काय?" प्लांट हेड म्हणाले.

दांडा घडवताना पोलादाच्या पोटात ताण अडकून राहतो. बाहेरून काही दिसत नाही. भट्टीत सावकाश तापवला आणि सावकाश निववला की तो सुटतो. याला स्ट्रेस रिलीव्हिंग म्हणतात. रफिकभाईंचे तापमानाचे चार्ट बिनचूक होते. पण चार्ट खोटे असणार, असं साहेबांचं मत पडलं.

"सर, ताण मोजल्याशिवाय मी सही करणार नाही."

"मग मोजा की! एक्स-रे मशीन दिलंय ना?"

एक्स-रेला नुसती वरची कातडी दिसते. न्यूट्रॉन आतपर्यंत शिरतात. धातूतले अणू रांगांत बसलेले असतात. ओढ बसली की रांगांमधलं अंतर वाढतं, दाब आला की घटतं. न्यूट्रॉन कोणत्या कोनात वळून बाहेर पडतात, यावरून ते अंतर कळतं आणि त्यावरून ताण. फक्त त्यासाठी अणुभट्टी लागते.

"एका भट्टीची चौकशी करायला दुसरी भट्टी?" साहेब हसले. पण ग्राहकाला अणुभट्टीचं नाव ऐकवायला त्यांना आवडलं असावं. परवानगी मिळाली.

नंबर लागायला पाच महिने लागले. तोवर रफिकभाईंना स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला बसवलं. "काही कळलं का, मॅडम?" ते रोज विचारायचे. मला त्यांच्यासमोरून जायची लाज वाटायची.

नंबर लागल्यावर मी फोरमन खैरनारांना बजावलं, "एक दांडा भट्टीतून निघेल तसाच पाठवा. हात लावू नका."

मोजणी झाली आणि तिथल्या शास्त्रज्ञांचा फोन आला. "मॅडम, भट्टीचा दोष असता तर ताण चारी बाजूंनी सारखा दिसला असता. इथे एका अंगाला ओढ आहे, समोरच्या अंगाला दाब. हा दांडा कुणी वाकवलाय का?"

मी तडक खैरनारांकडे गेले. कळवणकडचा माणूस, दुखावलाच.

"वाकवीन कशाला? सरळ केला! भट्टीतून थोडा वाकडाच निघतो ना. अणुवाले काय म्हणले असते, नाशिकचा माल वाकडा? लय नाचक्की झाली असती."

"हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"हात नाय लावला. प्रेसवर दाबला. समदेच दाबतो."

"आणि मग परत भट्टीत जातात ना?"

"आधी जायचे. दोन वर्षं झाली, बंद केलं ते."

थंड दांडा दाबून सरळ केला की त्यात नवा ताण भरतो, म्हणून तो पुन्हा तापवायचा असतो. कॉलेजच्या पोरांनाही हे ठाऊक असतं. खैरनारांनी माझं ऐकलं असतं, तर अणुभट्टीलाही काही सापडलं नसतं.

मी केबिनमधल्या कपाटातून प्रोसेसची फाइल काढली. दुसरं स्ट्रेस रिलीव्हिंग रद्द. कारण, वेळेची बचत. खाली प्लांट हेडची झोकदार सही.

लेटर फाडलं गेलं. रफिकभाई भट्टीवर परतले. त्यांची माफी कोणी मागितली नाही, म्हणून मीच मागितली. "तुम्ही सही नाय केली ना मॅडम, बस झालं," ते म्हणाले.

दुसरं स्ट्रेस रिलीव्हिंग पुन्हा सुरू झालं. त्या सुधारणेबद्दल वर्षाच्या शेवटी पुरस्कारही जाहीर झाला, प्लांट हेडना. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायला रफिकभाईंना खास बोलावलं होतं.

नव्या इंजिनियरांना मी आता एवढंच सांगते. पोलादातला ताण शोधायला अणुभट्टी लागते. तो कोणाच्या सहीने आला हे शोधायला कपाट उघडावं लागतं, आणि ते माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होतं. पाच महिने मी ते उघडलं नाही.